भोंगाबाईंची सुनावणी

भोंगाबाईंचा फोन आला की तो कानाला लावायचा नसतो. टेबलावर ठेवायचा, आपण जरा मागे सरकायचं आणि मग "हं, बोला" म्हणायचं. हा सल्ला बाहेरचे नाही, घरचेच देतात. "ताईंनी मला फोनवर 'कशी आहेस' विचारलं," त्यांची धाकटी जाऊ सांगते, "आणि वरच्या मजल्यावरची बाई गॅलरीतून म्हणाली, 'मी बरी आहे!'"

आता कुणाला खरं वाटणार नाही, पण लग्न होऊन आल्या तेव्हा त्या इतक्या हळू बोलायच्या की सासऱ्यांना वाटलं, मुलगी मुकी आहे आणि माहेरच्यांनी आपल्याला फसवलं. सासरे कानाशी हात नेऊन "काय? काय म्हणालीस?" करायचे आणि नवी सून लाजून अजूनच पुटपुटायची. मग एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या धुलाई विभागात त्यांना नोकरी लागली, आणि तिथं त्यांची गाठ बॉयलरशी पडली.

बॉयलर म्हणजे काय, तर बंबाचा आजोबा. एका माणसाला आत उभं राहता येईल एवढं आडवं लोखंडी पिंप. खाली तेलाची ज्योत, आत पाणी, वर वाफ. ती वाफ नळ्यांतून धुलाईच्या यंत्रांना जाते आणि इस्त्रीच्या भल्यामोठ्या रोलरला जाते. ज्योत पेटली की आधी "खट्", मग "भुस्स", आणि मग घशात कफ अडकलेल्या हत्तीसारखं एकसारखं "घ्रंऽऽऽ". त्या आवाजाच्या वर आपला आवाज काढल्याशिवाय तिथं कुणी कुणाला साधं "पाणी दे" सुद्धा सांगू शकत नाही. बाईंनी परीक्षा दिली, बॉयलर चालवण्याचा परवाना काढला आणि वर्षानुवर्षं त्या घ्रंऽऽऽच्या डोक्यावरून बोलत राहिल्या. आवाज चढला तो चढलाच. घरी आल्यावर उतरवायला तो काही ॲप्रन नव्हता. सोबतच्यांनी नाव पाडलं भोंगा. पुढे वयाचा मान म्हणून त्याला बाई जोडली. नवरा घड्याळं दुरुस्त करतो. मुळात अबोल, त्यात आता बोलायला जागाच उरलेली नाही.

तर एके वर्षी हॉटेलनं तळघरातली धुलाई बंद केली. बंद केली म्हणजे काय, बाहेर दिली. टायरच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका कंत्राटदारानं तोच धंदा मांडला. चादरी त्याच, टॉवेल तेच, बायका त्याच, आणि बॉयलरही तोच! हॉटेलनं तो कंत्राटदाराला विकून टाकला. भोंगाबाई त्याच्याबरोबर ट्रकमध्ये बसून आल्या, नव्या घरी सोडायला जावं तशा. उतरवताना क्रेनवाल्यानं बॉयलरच्या अंगावरचं जाड वेष्टण अर्धं सोलून काढलं. त्या वेष्टणाचं काम आतली उष्णता आतच ठेवायचं. ते गेल्यापासून बॉयलर उघड्या अंगानं उभा, आणि त्याची सगळी धग शेजारच्या इस्त्रीच्या रोलरवर. शेडमध्ये जागाच तेवढी. आणि रोलरवर चादरी सरकवायला कोण? धाकटी जाऊ.

भोंगाबाईंनीच तिला कामाला लावली होती. "ये गं, माझ्या डोळ्यांसमोर राहशील," म्हणून. डोळ्यांसमोरच ती एकदा चादरीसकट खाली बसली. डोळे पांढरे. तोंडावर पाणी मारलं, बाहेर टायरांच्या ढिगावर बसवली, तेव्हा म्हणाली, "काही नाही ताई, जरा चक्कर." दुसऱ्या वेळी पडली तेव्हा हात रोलरच्या अगदी जवळ होता. डॉक्टर म्हणाला, अशा उकाड्यात उभं राहायचं नाही. जाऊ म्हणाली, "मग काय झोपून इस्त्री करू?" आणि पुन्हा येऊन उभी राहिली. घरचा निम्मा भार तिच्या पगारावर. दुसरं काम कुठं मिळतं का, ते शोधून झालं होतं.

कंत्राटदाराला सगळे शेठ म्हणत. शेठच्या शब्दकोशात एकच शब्द होता.

"शेठ, बॉयलरला वेष्टण घालायला हवं."

"बघू ना."

"नाहीतर सरळ नवाच घ्या. हा तेलही किती पितो, बघताय ना."

"बघू की."

"जाऊ दोनदा पडली हो माझी!"

"अरे अरे अरे," शेठ मान हलवायचे, चेहरा इतका दुःखी की त्यांनाच पाणी मारावंसं वाटावं. "बघतो, बघतो." आणि मग जाता जाता खरं ते बोलायचे, "हॉटेल दर वाढवून देत नाही, भोंगाबाई. त्यांना सांगा."

मग भोंगाबाई हॉटेलला सांगायला गेल्या. धुतलेल्या टॉवेलांच्या गाडीबरोबर मागच्या दारानं शिरल्या आणि पुढच्या दालनात निघाल्या. तिथं एका झाडाच्या कुंडीशेजारी काचेची पाटी: 'आमचे इंधन निम्म्यावर! आमचा धूर निम्म्यावर! पृथ्वीसाठी एक पाऊल.' भोंगाबाईंनी पाटी पुन्हा वाचली. मग हसल्या. दालनातले दोन पाहुणे दचकून उठून उभे राहिले.

हॉटेलची पर्यावरण अधिकारी धावत आली. तिचा आवाज लिफ्टमधल्या बाईसारखा, "कृपया दारापासून दूर राहा" म्हणणाऱ्या.

"नमस्कार. मी आपली काय मदत करू शकते?"

"हा धूर निम्मा कसा झाला हो?"

"आम्ही आमच्या कार्यपद्धतीत शाश्वत बदल घडवून आणले."

"म्हणजे बॉयलर विकलात."

"आम्ही आमच्या आवारातलं उत्सर्जन लक्षणीयरीत्या कमी केलं."

"अहो, आवारातलं कमी झालं, माझ्या नाकातलं नाही! तुमच्याच चादरी, तुमचाच बॉयलर, फक्त टायरवाल्याच्या मागे. त्याला वेष्टण तरी घाला!"

"ते युनिट आमच्या कक्षेत येत नाही," लिफ्टबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा दार मिटावं तसा मिटला.

शेठ म्हणणार हॉटेलला सांगा, हॉटेल म्हणणार आमचा नाही. बॉयलर ढळढळीत उभा आहे, त्याच्या धगीनं बाई पडते आहे, आणि कुणाला विचारावं तर तो कुणाचाच नाही! भोंगाबाईंचा संताप इतका झाला की त्या दिवशी घरी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नवऱ्यानं घाबरून चारदा विचारलं, बरं वाटत नाहीये का.

बातमी आणली दिरानं. जावेचा नवरा, विमा एजंट. माणसाला बसायला खुर्ची देण्याआधी त्याच्याशी दहा गोड वाक्यं बोलून झालेला इसम.

"वहिनी, आपल्यासाठी दार उघडलंय! सरकार नवा नियम आणतंय. मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी किती वीज, किती इंधन जाळलं, त्यातून हवा तापवणारे वायू किती सुटले, ते सक्तीनं जाहीर करायचं. मसुदा निघालाय. लोकांची मतं मागवलीयत. जाहीर सुनावणी आहे."

"आणि बाहेर दिलेल्या कामाचं?"

दिरानं मोबाइलवर मसुदा खाली सरकवला, अजून खाली सरकवला, चष्मा पुसला. "इथं म्हणतात, 'कंपनीच्या स्वतःच्या आवारातील'."

"म्हणजे पुन्हा तेच!"

"म्हणून तर जायचं! तुम्ही सांगा ना, बाहेर दिलेलं पण धरा म्हणून. एकदा हॉटेलच्या हिशेबात तुमचा बॉयलर आला की पाटीवरचा धूर परत दुप्पट. मग बघा कसे धावत येतात वेष्टण घेऊन. फक्त एक ऐका, वहिनी. एकदम अंगावर जायचं नाही. आधी गोड. समोरच्याचं कौतुक, स्वतःची ओळख, चार चांगल्या आठवणी. माणूस सैल झाला की मुद्दा टाकायचा. माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे."

दिराच्या अनुभवानं आजवर किती विमे उतरवले हा वेगळा विषय. पण भोंगाबाईंना पटलं. सभेत बोलायची पहिलीच वेळ. त्यांनी आरशासमोर गोड बोलायची तालीम केली आणि शेजारच्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुनावणीचं सभागृह थंडगार. मंचावर अध्यक्ष, शेजारी एक कारकून कानाला रेकॉर्डिंगचं यंत्र लावून बसलेला, आणि खाली बोलणाऱ्यांसाठी एक माइक. वेळ संपली की लाल दिवा लागणार आणि माइक आपोआप बंद होणार. भोंगाबाईंबरोबर जाऊ होती, रजा टाकून, चांगली साडी नेसून.

आधी आले सल्लागार. निळा कोट, हातात रिमोट, पण पडदा चालत नव्हता. "तर आपण जर मोठं चित्र बघितलं," ते म्हणाले आणि हवेत हातानं मोठं चित्र काढलं, "तर फ्रेमवर्क चांगलं आहे. पण उद्योगावर ओझं किती टाकायचं, यावर एक बॅलन्स्ड ॲप्रोच, आणि त्यासाठी एक रोडमॅप, आणि त्या रोडमॅपसाठी एक समिती..." लाल दिवा लागला तेव्हा ते समितीच्या उपसमितीपर्यंत पोहोचले होते. मग कारखानदारांच्या संघाचे सरचिटणीस. ते प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचे आणि प्रत्येक वाक्यानंतर "अर्थात" म्हणायचे. नियमाला त्यांचा पाठिंबा होता, अर्थात. फक्त तो आत्ता नको होता, अर्थात. अध्यक्ष मधूनच "थोडक्यात, थोडक्यात" म्हणत होते, झोपेत कूस बदलताना माणूस म्हणतो तसं.

मग नाव पुकारलं गेलं. भोंगाबाई उठल्या. माइकसमोर उभ्या राहिल्या. आणि दिराच्या शिकवणीप्रमाणे गोड सुरू झाल्या.

"मी धुलाईत बॉयलर चालवते. मला हॉटेलनं हे काम शिकवलं. त्याबद्दल त्यांचे आभार. नवी होते तेव्हा वाफेच्या आवाजानं मी टेबलाखाली लपले होते." लोक हसले. बाईंना बरं वाटलं. त्यांनी अजून गोड घातलं. पहिल्या पगाराची आठवण सांगितली. बॉयलरचं कौतुक केलं. "इतकी वर्षं झाली, पण या बॉयलरनं मला एकदाही दगा दिला नाही. मी त्याच्यावर समाधानी आहे. पण..."

लाल दिवा. माइक "टक्" करून मेला.

दुसरं कुणी असतं तर गप खाली बसलं असतं. भोंगाबाईंना माइक मेल्याचं कळलंच नाही. कसं कळणार? त्यांच्या आवाजात फरकच पडला नाही!

"पण तो आता कुणाचाच नाही म्हणतात!" सभागृहाच्या मागच्या खिडक्या थरथरल्या. "हॉटेल म्हणतं आमच्या आवारात नाही, शेठ म्हणतो दर परवडत नाही. धूर तेवढाच, तेल जास्त, आणि ही माझी जाऊ, ऊठ गं, उभी राहा, ही त्याच्या धगीनं दोनदा पडली! तुमच्या नियमात 'स्वतःच्या आवारातील' लिहिलंय ते खोडा. बाहेर दिलेलं काम पण ज्याचं त्याच्या नावावर धरा. नाहीतर उद्या सगळेच आपला धूर टायरवाल्याच्या मागे ठेवतील आणि पाट्या लावतील!"

मग टाळ्या. सल्लागारांनी सुद्धा वाजवल्या, कदाचित सवयीनं. अध्यक्ष पूर्ण जागे झाले होते. "मुद्दा अगदी स्पष्ट ऐकू आला," ते म्हणाले. त्याहून स्पष्ट ऐकू येणं शक्यच नव्हतं. परतीच्या वाटेवर जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही मला उभी केलीत तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बरं वाटलं." आणि दोघी कोपऱ्यावर थांबून चहा प्यायल्या.

काही आठवड्यांनी सुनावणीचा सारांश जाहीर झाला. दिरानं तो मोबाइलवर उघडला आणि मोठ्यानं वाचायला घेतला. मोठ्यानं वाचता वाचता त्याचा आवाज लहान होत गेला.

"'धुलाई व्यवसायातील एका महिला प्रतिनिधीने संबंधित हॉटेलचे आभार मानले व विद्यमान बॉयलरबाबत समाधान व्यक्त केले.'"

"पुढे?" भोंगाबाई म्हणाल्या.

"पुढे सरचिटणीस आहेत, वहिनी. अर्थात."

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या लिफ्टबाईनं तो सारांश शेठना पाठवला, आणि शेठ हसत हसत शेडमध्ये आले. "वा, भोंगाबाई! तुम्हीच सरकारला सांगून आलात, बॉयलर झकास आहे म्हणून. आता बदलायचा कशाला? आं?" पहिल्यांदाच ते "बघू" म्हणाले नाहीत. आता बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

जाऊ काही बोलली नाही. रोलरमध्ये चादर सरकवत राहिली. कपाळावरचा घाम दंडाला पुसला, पुन्हा चादर. तिचं ते न बोलणं भोंगाबाईंना घ्रंऽऽऽपेक्षा मोठं ऐकू आलं. स्वतःच्या तोंडानं त्या जावेचं वाटोळं करून आल्या होत्या, आणि वर आभार मानून!

त्यांनी सुनावणी घेणाऱ्या कार्यालयाला फोन लावला. कारकून सापडला, तोच, कानाला यंत्र लावून बसलेला. आवाज सर्दी झाल्यासारखा, प्रत्येक वाक्य नाकात घडी करून ठेवणारा.

"सारांश रेकॉर्डिंगवरून करतात, बाई. रेकॉर्डिंग माइकमधून होतं. माइक बंद झाल्यावरचं रेकॉर्डवर नाही."

"पण तुम्ही तिथंच बसला होतात!"

"होतो."

"ऐकलंत ना?"

"ऐकलं. दोन दिवस कानात होतं."

"मग?"

"मी ऐकलं, बाई. कार्यालयानं नाही ऐकलं."

भोंगाबाईंनी फोन ठेवला आणि ॲप्रन जमिनीवर आपटला. मग उचलला, झटकला, पुन्हा आपटला. बॉयलर आमच्या आवारात नाही, म्हणून धूर नाही. माइकमध्ये गेलं नाही, म्हणून बोलणं नाही. सगळ्या जगानं मिळून एकच युक्ती शिकून ठेवली होती! दीर समजूत घालायला आला. "वहिनी, मला वाटतं पुढच्या वेळी अजून थोडं गोड..." आणि भोंगाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो वाक्य तिथंच टाकून, चपला उलट्यासुलट्या घालून घरी गेला.

सारांशात दुरुस्त्या सुचवायची मुदत संपत आली होती. संकेतस्थळावर मत नोंदवायला गेलं की पान गरगरत राहायचं. भोंगाबाई रोज कार्यालयाला फोन लावायच्या. कामावरूनच, कारण पेटता बॉयलर सोडून चालवणाऱ्यानं हलायचं नसतं. आणि रोज तीच बाई, हॉटेलवालीची सख्खी बहीण शोभावी अशी: "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा. सेवेच्या दर्जासाठी हा कॉल ध्वनिमुद्रित केला जात आहे." मग बासरी. बासरी संपली की फोन कट.

त्या दिवशी फोन टेबलावर ठेवलेला, आवाज मोठा केलेला. बासरीच्या आधीचं वाक्य आलं आणि जाऊ रोलरवरून वळली.

"ताई, ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? थांबा म्हणाली."

"नाही, त्याच्यानंतर. ध्वनिमुद्रित केला जात आहे."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बासरी वाजत होती. ती आज कट झाली नाही. नाकातला आवाज आला, "हॅलो, बोला."

या वेळी आभार नाहीत. कौतुक नाही. आठवण नाही.

"मी धुलाईतली बॉयलरवाली. सुनावणीत माझं अर्धंच बोलणं तुमच्या यंत्रात गेलं. उरलेलं आत्ता घ्या. हा फोन रेकॉर्ड होतोय ना?"

"होतो, पण तो सेवेच्या दर्जासाठी..."

"मग दर्जा सुधारा! लिहा: मी समाधानी नाही. हॉटेलची चादर धुवायला जे तेल जळतं ते हॉटेलच्याच नावावर धरा, मग आवार कुणाचंही असो. बॉयलरचं वेष्टण गेलंय, धगीनं माझी जाऊ दोनदा पडली, आणि दोघंही म्हणतात तो आमचा..."

खट्. भुस्स. घ्रंऽऽऽ. वाफ कमी झाली होती. ज्योत आपोआप पेटली.

"बाई! बाई, हा कसला आवाज? काही ऐकू येत नाहीये! बाहेर जाऊन बोला!"

भोंगाबाईंनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा बॉयलरकडे. हात लांब करून त्यांनी फोन त्याच्या उघड्या पोटाच्या जवळ धरला आणि तसाच धरून ठेवला, चटका बसेपर्यंत. मग परत तोंडाशी आणला.

"तो बॉयलर होता. जो कुणाचाच नाही तो. आला का रेकॉर्डवर?"

पलीकडे कळफलकाची टकटक. मग नाकातला आवाज, जरा कमी घडीचा, "आला. मुदतीच्या आत नोंदवलेली दुरुस्ती जोडता येते. जोडतो. पुढचं मी सांगू शकत नाही."

सुधारलेला सारांश आला तेव्हा तो जावेनं स्वतः वाचला. सरचिटणीसांच्या खाली, अगदी शेवटी: 'वक्त्या समाधानी नाहीत. बाहेर दिलेल्या कामाचे इंधन मूळ कंपनीच्या हिशेबात धरावे, अशी त्यांची मागणी आहे. ध्वनिमुद्रणात पार्श्वभूमीला बॉयलरचा मोठा आवाज.' जावेनं शेवटचं वाक्य परत वाचलं आणि खुदकन हसली. "ताई, ह्याचं नाव आलं. सरकारच्या कागदावर."

"आलं ना," भोंगाबाई म्हणाल्या. "आता 'आमचा नाही' म्हणायला सुद्धा त्यांना आधी त्याचं नाव घ्यावं लागेल."

नियम अजून मसुदाच आहे. 'स्वतःच्या आवारातील' खोडलं जाईल की राहील, कुणाला माहीत नाही. समिती बसली आहे, आणि म्हणे उपसमितीही. हॉटेलची पाटी जागेवर आहे. कुंडीतलं झाड मात्र वाढलंय.

आणि शेठ? शेठ आले, तेव्हा भोंगाबाईंनी पुन्हा विचारलं, वेष्टणाचं काय. शेठ म्हणाले, "बघू ना." भोंगाबाईंनी ॲप्रनच्या खिशातून फोन काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "परत म्हणा, शेठ. रेकॉर्ड होतंय."

शेठनं फोनकडे बघितलं. बॉयलरकडे बघितलं. घशाशी आलेलं "बघू" गिळलं. "उद्या... उद्या माणूस पाठवतो. माप घ्यायला."

माणूस आला खरा. बॉयलरभोवती फिरला, टेप लावली, "बाप रे, केवढा तापलाय!" म्हणाला आणि माप घेऊन गेला. तो अजून परत आलेला नाही. भोंगाबाई रोज त्याला फोन लावतात. तो फोन कानाला न लावता लांब धरतो, आणि तरी त्याच्या आख्ख्या गल्लीला आता माहीत झालंय की टायरवाल्याच्या मागे एका बॉयलरचं वेष्टण यायचं बाकी आहे.